जंगल वाढलं की कमी झालं? आकडा वाचण्याआधी रकान्याचं नाव वाचा

डिसेंबर २०२४ मध्ये देशाचा वन स्थिती अहवाल आला, तेव्हा घाईघाईत मी एक बातमी पाठवली होती. दोन वर्षांत देशातलं जंगल आणि झाडोरा मिळून १७ हजार ८२० चौरस किलोमीटरनं वाढला, असं त्यात लिहिलं होतं. हिशोब सोपा होता. नव्या अहवालात ८ लाख २७ हजार ३५७ चौरस किलोमीटर, आधीच्या २०२१ च्या अहवालात ८ लाख ९ हजार ५३७. एकातून दुसरा वजा केला, झालं.

वजाबाकी बरोबर होती, बातमी चुकीची होती. त्याच नव्या अहवालात वाढ किती ते स्पष्ट दिलं होतं : १ हजार ४४५ चौरस किलोमीटर. म्हणजे मी लिहिलेल्या आकड्याचा बारावा हिस्साही नाही. एका निवृत्त गुरुजींनी फोन करून चूक दाखवली. आपण दुरुस्ती केली, पण तोवर बातमीचा फोटो व्हॉट्सअपवर फिरून गेला होता.

पुढं महिनाभरानं एका गावच्या ग्रामसभेत बसलो होतो. गावालगतचं जंगल एका कामासाठी द्यायचं की नाही, हा विषय होता. एक जण उठला, मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "देशात एवढं जंगल वाढून राहिलं, आपलं शंभर एकर गेलं तर काय बिघडते?" मोबाइलवर माझीच बातमी होती. त्या दिवशी फार खजील झालो. म्हणून हा लेख. जंगलाचे आकडे येतात कुठून, वेबसाइटवर ते कसे ठेवतात आणि वाचताना आपण कुठं फसतो, हे जमेल तसं सोपं करून सांगतो.

वेबसाइटचं पान कुणी लिहीत नाही

आपण महाभूलेखवर सातबारा काढतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की पान समोर येतं. ते पान कुणी बसून टाइप केलेलं नसतं. आत एक मोठी नोंदवही असते, तिला डाटाबेस म्हणतात. तिच्यातल्या ओळी आणि रकाने उचलून संगणक त्या क्षणाला पान तयार करतो. तलाठ्यानं फेरफार एका ठिकाणी नोंदवला, की पुढं जो कुणी उतारा काढेल त्याला बदललेलंच दिसेल. यात सोय आहे आणि धोकाही आहे. नोंद चुकली, तर चूकही सगळीकडे तितक्याच झटकन पोचते.

जगातल्या जंगलांची माहितीही अशीच ठेवलेली आहे. देशाचं नाव दाबलं की त्या देशाचं पान उघडतं : एकूण जंगल किती, नैसर्गिक किती, लावलेलं किती, मालकी कुणाची, लाकूड किती उभं आहे. प्रत्येक देशाची एक ओळ, प्रत्येक बाबीचा एक रकाना, प्रत्येक वर्षाची वेगळी नोंद. आपण फक्त आकडा बघतो आणि पान बंद करतो. खरी गोष्ट रकान्याच्या डोक्यावर लिहिलेली असते.

आकडा रोमला जातो, निघतो देशातूनच

जगभरच्या जंगलांचा हिशोब ठेवायचं काम संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना करते. तिचं मुख्यालय इटलीत रोम इथं आहे. पहिला जागतिक आढावा १९४८ साली निघाला. आता दर पाच वर्षांनी आढावा येतो. २०२० च्या आढाव्यात २३६ देश आणि प्रदेश होते. जगात त्या वेळी ४०६ कोटी हेक्टर जंगल होतं, म्हणजे एकूण जमिनीच्या ३१ टक्के. त्यातलं निम्म्याहून जास्त फक्त पाच देशांत : रशिया, ब्राझील, कॅनडा, अमेरिका आणि चीन.

हे आकडे रोमचे साहेब जंगलात फिरून आणत नाहीत. प्रत्येक देशाचं सरकार एक अधिकृत प्रतिनिधी नेमतं. तो आपल्या देशातली माहिती ठरलेल्या तक्त्यांत भरून पाठवतो. जिथून माहिती येत नाही, तिथं संघटनेची माणसं उपलब्ध कागदपत्रांवरून तक्ता भरतात. म्हणून काही देशांचे आकडे ताज्या मोजणीवरचे असतात, काहींचे जुन्या सर्वेक्षणावरून पुढं ओढलेले. पानावर दोन्ही सारखेच ठळक दिसतात.

भारताची मोजणी देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. १९८१ साली ती सुरू झाली आणि १९८७ साली देशाचा पहिला अहवाल निघाला. साधारण दर दोन वर्षांनी नवा अहवाल येतो. उपग्रहाच्या चित्रावरून जंगलाचा नकाशा होतो आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन तो तपासला जातो.

जंगल कशाला म्हणायचं?

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, जिथं मोह, तेंदू, चार, येन, बेहडा आहे, जिथं जनावर राहते, ते जंगल. डाटाबेसला अशी व्याख्या चालत नाही. त्याला माप लागतं.

अन्न आणि कृषी संघटनेचं माप असं : जागा अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी हवी, झाडं पाच मीटरपेक्षा उंच हवी किंवा तेवढी वाढू शकणारी हवी, आणि झाडांच्या सावलीनं दहा टक्क्यांहून जास्त जमीन झाकलेली हवी. जमीन मुख्यतः शेतीच्या किंवा वस्तीच्या वापरात नको. म्हणून फळबाग यात येत नाही, तेलताडाचा मळाही येत नाही. रबराची लागवड मात्र येते.

आपल्या देशाच्या अहवालाचं माप वेगळं आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा आणि किमान दहा टक्के झाडांची सावली, एवढं असलं की झालं. जमीन कुणाची, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड कोणतं, हे बघितलं जात नाही. म्हणून कोकणातली मोठी आंबा-काजूची बागही या हिशोबात वनाच्छादन म्हणून धरली जाऊ शकते. वर आकाशातून ती हिरवीच दिसते ना!

तिसरं माप इंटरनेटवर फार चालतं. ग्लोबल फॉरेस्ट वॉच नावाची वेबसाइट २०१४ पासून सुरू आहे. तिच्यावर उपग्रहाच्या तीस मीटरच्या चौकटीतून झाडोरा गेला की राहिला हे दर वर्षी दाखवतात. तिथं सुरुवातीला जो आकडा दिसतो तो तीस टक्के सावलीच्या हिशोबानं असतो. कुणी निलगिरीची लागवड तोडली तरी तिथं झाडोरा गेला असं दिसतं. अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबात मात्र तोड झालेल्या जागेवर पुन्हा झाडं येणार असतील, तर ती जागा जंगलच राहते.

आता बघा. एक वेबसाइट म्हणते भारतात जंगल वाढलं, दुसरी म्हणते झाडोरा गेला. सोशल मीडियावर दोन बाजूचे लोक आपापला आकडा घेऊन भांडतात. दोघांनाही वाटतं समोरचा खोटं बोलतो. खोटं कुणीच बोलत नाही. एक जण तांदूळ मोजतोय, दुसरा धान.

याशिवाय आपल्या राज्यात कागदावरचं जंगल वेगळं. वनविभागाच्या नोंदीत महाराष्ट्राचं वनक्षेत्र ६१ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. २०२१ च्या अहवालात प्रत्यक्ष वनाच्छादन दिसलं ते ५० हजार ७९८ चौरस किलोमीटर. नोंद जंगलाची, पण वर झाड नाही, अशी जमीन आहे. झाड आहे पण नोंद जंगलाची नाही, अशीही आहे. विदर्भातल्या झुडपी जंगलाचं घोंगडं याच्यातच कितीतरी वर्षं भिजत पडलं. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच मानायच्या. तिथं किती झाडं आहेत हा प्रश्न वेगळा, जमीन कोणत्या रकान्यात बसते हा प्रश्न वेगळा. घरकुलाला जागा मिळेल की नाही, हे मात्र या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

जंगल तेवढंच, टक्के दोन

आणखी एक गंमत. भारतात जंगल किती टक्के? देशाचा २०२१ चा अहवाल म्हणतो २१.७१ टक्के. जागतिक आढाव्यावरून काढलं तर येतं २४ टक्क्यांच्या वर. मधल्या मधे अडीच टक्के कुठून आले?

जंगलाचा आकडा जवळपास सारखाच आहे. इकडे ७ लाख १३ हजार ७८९ चौरस किलोमीटर, तिकडे ७ लाख २१ हजार ६००. मुख्य फरक भागाकारात आहे. आपला अहवाल देशाच्या पूर्ण भौगोलिक क्षेत्रानं भागतो, ते आहे सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर. जागतिक आढावा नद्या-तलावांसारखं पाणी वगळून फक्त जमिनीनं भागतो, ती धरली आहे सुमारे २९ लाख ७३ हजार. खालचा आकडा लहान झाला की टक्का फुगतो. तेव्हा टक्के ऐकले की विचारा : कशाचे टक्के?

दोन अहवालांची वजाबाकी करू नका

आता माझ्या चुकीकडे येतो. २०२१ आणि २०२३ या दोन अहवालांत (२०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ ला बाहेर आला) फरक १७ हजार ८२० चा, आणि अहवाल म्हणतो वाढ १ हजार ४४५ ची. असं का?

कारण नवा अहवाल करताना जुन्या वर्षाचा हिशोबही नव्यानं केला गेला. जिल्ह्यांच्या सीमा अधिक नेमक्या घेतल्या, झाडोरा मोजण्याची रीत सुधारली. मग २०२१ चा आकडाही बदलला. तुलना करायची ती या सुधारलेल्या जुन्या आकड्याशी. नुसतं वनाच्छादन घेतलं तरी तेच. दोन छापील आकड्यांतला फरक दीड हजार चौरस किलोमीटरच्या वर येतो, पण अहवालानं सांगितलेली वाढ आहे फक्त १५६ चौरस किलोमीटर.

आपण शेतात जुनी साखळी टाकून मोजणी केली, पुढच्या वर्षी मोजणी खात्याचं यंत्र आलं आणि चार गुंठे जास्त निघाले, तर शेत वाढलं असं कुणी म्हणत नाही. जंगलाच्या बाबतीत मात्र आपण तसंच म्हणतो.

जगाच्या पातळीवर तर याहून मोठी फसगत होते. २०१५ च्या आढाव्यात जगाचं जंगल होतं ३९९ कोटी ९० लाख हेक्टर. २०२० च्या आढाव्यात ४०६ कोटी. २०२५ च्या आढाव्यात ४१४ कोटी. तीन आकडे एकाखाली एक मांडले तर दिसतं, दहा वर्षांत जगात चौदा कोटी हेक्टर जंगल वाढलं. मिठाई वाटावी अशी बातमी! पण तोच २०२५ चा आढावा सांगतो की गेल्या दहा वर्षांत जगातलं जंगल दर वर्षी सरासरी ४१ लाख हेक्टरनं घटत आलंय.

मग आकडा चढला कसा? देशांनी नवी, जास्त चांगली माहिती दिली आणि जुन्या वर्षांचे आकडेही सुधारले. १९९० साली जगात जंगल किती होतं, याचं उत्तर २०१५ च्या आढाव्यात ४१२ कोटी ८० लाख हेक्टर होतं, २०२० च्या आढाव्यात ते ४२३ कोटी ६० लाख झालं. होऊन गेलेलं वर्ष बदललं नाही, आपल्याला त्याची माहिती जास्त चांगली झाली. चढती शिडी दिसते ती मोजणीची. जंगल उतरतच आहे.

भारत २०२० मध्ये दहाव्या क्रमांकावर होता, २०२५ च्या आढाव्यात नवव्या क्रमांकावर आला. याची बातमी सगळीकडे झाली. पण दहाव्याचा नववा कसा झाला ते बघा. भारताचा आकडा ७ कोटी २० लाखांच्या आसपासचा थोडासा वर सरकला. त्याच वेळी पेरू देशाचा आकडा ७ कोटी २० लाखांवरून ६ कोटी ७० लाखांवर आला. शर्यतीत पुढचा मागं पडला की आपला नंबर आपोआप वर येतो. कॅनडाचा आकडा तर ३४ कोटी ७० लाखांवरून ३६ कोटी ९० लाख झाला. पाच वर्षांत दोन कोटी हेक्टर जंगल कुणी उभं करत नसतं. मोजण्याची माहिती बदलली की असं होतं.

आपल्या देशातही १९८७ च्या पहिल्या अहवालाशी आजची तुलना करताना जपून. तेव्हाच्या चित्रांवरून ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता. आज एक हेक्टरचा तुकडा येतो. मोठ्या चाळणीत आणि बारीक चाळणीत दाणे सारखे कसे राहतील?

नावं बदलतात, जिल्हे फुटतात

डाटाबेस सांभाळणाऱ्याची मोठी डोकेदुखी म्हणजे नावं. स्वाझीलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं. मॅसेडोनियाचं २०१९ मध्ये उत्तर मॅसेडोनिया झालं. नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगळे देश, काँगो नावाचे तर दोन देश शेजारी शेजारी. नाव बघून नोंद केली तर एका देशाचं जंगल दुसऱ्याच्या नावावर चढायचं. म्हणून प्रत्येक देशाला तीन अक्षरांचा ठरलेला संकेतांक असतो. नाव बदलो, नोंद त्या संकेतांकावरच राहते. आपल्या गट नंबरसारखंच आहे. शेत विकलं, मालकाचं नाव बदललं, गट नंबर तोच.

देश फुटला की काम आणखी अवघड. २०११ मध्ये सुदानमधून दक्षिण सुदान वेगळा झाला. आता २०१० चं सुदान आणि २०१२ चं सुदान यांची तुलना केली तर बरंच जंगल एका रात्रीत गायब झाल्यासारखं वाटेल. कुऱ्हाड कुणी चालवली नाही, सीमा बदलली.

हे आपल्या घरचंच उदाहरण आहे. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया. २०१४ साली ठाण्यातून पालघर. जुना तक्ता घेऊन कुणी म्हणेल, चंद्रपूर जिल्ह्याचं जंगल एवढं कसं घटलं? तर बाबा, ते घटलं नाही, गडचिरोलीच्या नावावर गेलं. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एका तक्त्यात जुनं नाव, दुसऱ्यात नवं, दोन्ही जोडताना संगणकाला ते वेगवेगळे जिल्हे वाटतात. मग एकच जिल्हा दोनदा मोजला जातो, किंवा एकदाही नाही.

शून्य वेगळा, रिकामा रकाना वेगळा

कतार देशाच्या पानावर जंगल शून्य आहे. तो खरा शून्य आहे, तिथं त्या व्याख्येत बसणारं जंगल नाही. दुसऱ्या एखाद्या देशाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं. त्याचा अर्थ जंगल नाही असा होत नाही, माहिती आली नाही असा होतो. डाटाबेस सांभाळणाऱ्यानं रिकाम्या रकान्यात आपल्या मनानं शून्य भरला तर सरासरी बिघडते, बेरीज बिघडते आणि ज्याचं जंगल आहे त्याचं कागदावरून पुसलं जातं.

हे आपल्या वनहक्काच्या कामात किती वेळा झालं! दाव्याच्या यादीत गावासमोर आकडा नाही, कारण मोजणी व्हायची आहे. वरच्या तक्त्यात ते शून्य झालं. त्याच्या वरच्या तक्त्यात त्या गावाचा दावाच नाही असं झालं. तीन टेबलं ओलांडता ओलांडता गाव गायब.

एककाचाही घोळ आहे. जागतिक तक्त्यात भारतापुढं ७२,१६० असं लिहिलेलं दिसतं. वर बारीक अक्षरात "हजार हेक्टर" असतं. म्हणजे ७ कोटी २१ लाख ६० हजार हेक्टर. ते बारीक अक्षर नाही वाचलं तर अख्ख्या देशाचं जंगल एका तालुक्याएवढं होतं. लक्षात ठेवायला सोपं : १०० हेक्टर म्हणजे १ चौरस किलोमीटर, १ हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, १ एकर म्हणजे ४० गुंठे. ग्रामसभेत एकर बोलतात, वनविभाग हेक्टर लिहितो, अहवाल चौरस किलोमीटर छापतो. ठरावात शंभर "हेक्टर" लिहिलं आणि मनात शंभर एकर असलं, तर दीडशे एकर जास्तीचे सहीवर जातात असं समजा. अडीचशे एकरवर सही आणि शंभरवर समाधान!

आकडा तोच, मोह गेला

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा हजार हेक्टर मिश्र जंगल होतं. मोह, तेंदू, चार, आवळा, बांबू. ते तोडून तिथं सागवान लावलं. दहा-पंधरा वर्षांत सागाची सावली चाळीस टक्क्यांवर गेली. देशाच्या वनाच्छादनाच्या रकान्यात ते पुन्हा मध्यम दाट जंगल म्हणून आलं. आकडा बघणारा म्हणेल, हजार हेक्टर होतं, हजार हेक्टर आहे, कुठं काय बिघडलं?

बिघडलं ते आमच्या आयाबहिणींना विचारा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहफूल वेचायला जायचं कुठं? मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा कुठं? सागाखाली यातलं काही येत नाही.

जागतिक तक्त्यात यासाठी वेगळे रकाने आहेत : आपोआप वाढलेलं जंगल आणि लावलेलं जंगल. २०२० च्या आढाव्यात जगातलं ९३ टक्के जंगल आपोआप वाढलेलं होतं आणि ७ टक्के लावलेलं. म्हणजे माहिती असते, पण बातमीत येतो तो एकूण रकाना. आम्ही पत्रकारही तोच उचलतो, कारण तो पहिला असतो.

आपल्या देशाच्या अहवालात दाटीप्रमाणं तीन भाग असतात. सत्तर टक्के आणि वर सावली म्हणजे अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस खुलं. महाराष्ट्राचं २०२१ चं पन्नास हजारांचं वनाच्छादन फोडून बघितलं तर अतिदाट ८ हजार ७३४, मध्यम दाट २० हजार ५८९ आणि खुलं २१ हजार ४७५ चौरस किलोमीटर निघतं. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा विरळ जंगलाचा. एकूण आकडा कायम राहून अतिदाटचं खुल्यात गेलं, तर बातमीत काहीच दिसणार नाही. जंगलात गेलेल्या माणसाला मात्र पहिल्या दिवशी दिसेल.

ग्रामसभेनं आपली वही ठेवावी

वनहक्क कायद्यानं २००६ पासून गावाला आपलं सामूहिक जंगल सांभाळायचा हक्क दिला. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर तो मिळाला आणि मग पुष्कळ गावं त्या वाटेनं गेली. हक्क मिळाला की आराखडा करावा लागतो, आणि आराखडा म्हणजे आकडे. तेव्हा वरून येणाऱ्या आकड्यावर अवलंबून राहण्यापेक्षा गावानं आपला छोटा डाटाबेस ठेवावा. त्याला संगणकच लागतो असं नाही, लांब वहीसुद्धा चालते. एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं :

पहिलं, एका कक्षाची एक ओळ. जंगलाचा कक्ष क्रमांक हाच त्याचा गट नंबर. "नाल्यापलीकडचं", "देवाच्या पहाडीजवळचं" ही नावं शेजारी लिहा, पण नोंद क्रमांकावर करा.

दुसरं, एका रकान्यात एकच एकक. हेक्टर ठरवलं तर सगळीकडे हेक्टर. रकान्याच्या डोक्यावर ते लिहून ठेवा.

तिसरं, प्रत्येक आकड्यासमोर तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव. कशानं मोजलं तेही लिहा : जीपीएसनं, साखळीनं की अंदाजानं. अंदाज असेल तर अंदाज असं लिहायला लाजू नका.

चौथं, जुना आकडा खोडू नका. नवी मोजणी झाली तर खाली नवी ओळ घाला. पाच वर्षांनी कुणी विचारलं की हे कमी कसं झालं, तर जंगल घटलं की मोजणी सुधारली हे सांगता आलं पाहिजे.

पाचवं, मोजणी झाली नसेल तिथं "मोजणी बाकी" असं लिहा. शून्य लिहू नका.

सहावं, मोहाची मोठी झाडं किती, तेंदूची जागा कोणती, पाण्याचे झरे कुठं, याला स्वतंत्र रकाने ठेवा. उपग्रहाच्या चित्रावर ही माहिती येत नाही, रोमच्या तक्त्यातही येत नाही. ती फक्त गावाकडं आहे.

आणि कुणी ग्रामसभेत उभं राहून मोबाइल दाखवून म्हणालं की जंगल एवढं वाढलं, तेवढं वाढलं, तर त्याला चार प्रश्न विचारा. जंगल कशाला म्हटलंय? कोणत्या वर्षाचं? कोणत्या एककात? आणि कुणी मोजलं? चारही उत्तरं मिळाली तर आकडा घ्या. नाही मिळाली तर चहा पाजा आणि खाली बसवा.

त्या ग्रामसभेत मी तेव्हाच उठून सांगितलं की बातमी माझीच आहे आणि ती चुकलेली आहे. थोडा हशा झाला. मग एका बाईनं विचारलं, "देशाचं ठेव बाजूला. आपल्या शंभर एकरात मोहाची झाडं किती, ते कोणाला माहीत आहे काय?" कुणालाच माहीत नव्हतं. ठराव पुढच्या सभेवर गेला, आणि मधल्या दिवसांत गावातली पोरं आणि बाया मिळून झाडं मोजायला निघाल्या.